चेहऱ्यासकट

७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नीट पोचले. तू बळेच दिलेली उशी पाठीशी घेतली, ती थेट शेवटच्या थांब्यालाच जाग आली.

टाके कसे आहेत? ड्रेसिंगला दवाखान्यातल्या सिस्टरकडे जातेस, की "कशाला उगाच हेलपाटा" म्हणून स्वतःच उरकतेस? हात डोक्यावर नेण्याचा व्यायाम सोडू नकोस. मी महिनाभर तिथे होते तोवर हात धुऊन मागे लागून करून घेतला. आता काकांना सांगून आलेय. ते "हं" म्हणाले, आणि काकांच्या "हं"चा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

फिल्म धुतली. छातीच्या ऑपरेशननंतर तू पहिल्यांदा दुकान उघडलंस, त्या दिवशीचे फोटो छान आलेत. मापाच्या खोलीत तू मला म्हणाली होतीस, "तुझा कॅमेरा आण. सगळे डोळे चुकवतात. डॉक्टरसुद्धा कागदाकडे बघून बोलतात. तू तरी नीट बघ." आणि वरचे कपडे काढून खुर्चीवर बसलीस. गळ्यातली मापाची टेप तेवढी तशीच. 

इथे आम्हाला सध्या कापडावर फोटो छापायला शिकवतायत. बाटलीतून जेलीसारखं काहीतरी येतं, इमल्शन म्हणतात त्याला. गरम पाण्यात बाटली ठेवली की ते पातळ होतं. मग लाल दिव्याच्या उजेडात ब्रशने कापडावर फासायचं, अंधारात वाळवायचं, आणि कागदावर उतरवतात तसा फोटो त्या कापडावर उतरवायचा. तुझा फोटो मला कागदावर नकोसा वाटतो. जन्मभर तुझा हात कापडावरून फिरला. दुकानातलं थोडं कापड पाठवशील?

तुझी,
भिंगरी


१६ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र दुकानाच्या पत्त्यावर धाडलंस ते बरं केलंस. असंच धाडत जा. फोनवर मनातलं बोलता येत नाही. घरी काका कानाशी, दुकानात गिऱ्हाईक कानाशी.

कापड पाठवतेय. वरचं गुळगुळीत पांढरंशुभ्र आहे ना, ते माझ्याकडचं सगळ्यात भारी. तेच वापर. गाठोडं बांधलंय तो साधा मांजरपाट, तो पायपुसण्याला होईल.

हात आता कानापर्यंत जातो. डोक्यावर नाही. कात्री चालते, मशीन चालते, पण टीप वाकडी जाते आणि मग माझंच टाळकं फिरतं.

काका बरे आहेत. पंपहाऊसची पाळी, घर, पेपर. हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतात. झोपेत हात लागला तर तुला दुखेल, म्हणतात. मी म्हटलं, आता दुखत नाही. तरी बाहेरच. मी कपडे बदलायला लागले की उठून मोरीतला नळ बघायला जातात. इतक्या वर्षांत तो नळ कधी गळला नव्हता, आता रोज त्याची दुरुस्ती चालते. हसतेस ना? मीही हसते. दुसरं काय करू?

फोटो झाला की आधी मला दाखव. पुढचं पुढे.

मावशी


१२ मार्च

प्रिय मावशी,

तुझ्या भारी कापडाने माझी फजिती केली! त्यात नायलॉनचा धागा आहे बहुतेक. इमल्शन फासलं, वाळलं, चित्रही उमटलं, आणि धुवायला पाण्यात घातलं तर दुधावरची साय सरकावी तसं सगळं सरकून बाजूला गेलं. मग तुझ्या पायपुसण्यावर आले. मांजरपाट सोडा घालून उकळला, खळ पार काढली, चौकटीवर ताणून बसवला. त्यावर इमल्शन असं बसलं की विचारू नकोस.

डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र वर आणणाऱ्या रसायनात, कापड बुडवल्यावर आधी काहीच दिसत नाही. मग कडेकडेने काळं यायला लागतं. सगळ्यात आधी टेप आली, तिच्यावरचे आकडे. मग काखेपासून तिरका गेलेला व्रण. कापडाची वीण त्यातून दिसते, त्यामुळे टाके फोटोतले की कापडातले तेच कळत नाही. मी त्या ट्रेवर ओणवी होऊन किती वेळ उभी होते, मला भानच नव्हतं.

सरांनी पाहिलं. चष्मा काढून, पुन्हा लावून, अगदी जवळ जाऊन पाहिलं.

अजून पुष्कळ धुवायचंय. रसायन कापडात राहिलं तर पुढे पिवळं पडतं. झालं की पाठवते.

तुझी,
भिंगरी


५ एप्रिल

भिंगरे,

तुझं कापड अजून वाळतंच आहे का गं? माझी चादर सकाळी घातली तर दुपारी वाळते.

माझी कंबर धरलीय. पायमशीन आणि पन्नाशी, दोघींचं पटत नाही. जिना चढताना मध्ये थांबते आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी गप्पा मारतेय असं दाखवते. त्या बिचाऱ्यांना वाटतं मला त्यांचा लळा लागलाय.

सध्या शाळेचे गणवेश शिवायला घेतलेत. सगळे एका रंगाचे, एका मापाचे. डोकं लागत नाही, हेच बरं. फोटो पाठव. जसा असेल तसा.

मावशी


१९ एप्रिल

प्रिय मावशी,

परीक्षा तोंडावर आलीय, घाईत लिहितेय. कापड सुरक्षित आहे, काळजी करू नकोस. सुट्टीत स्वतःच घेऊन येईन म्हणते. कंबर डॉक्टरांना दाखव.

भिंगरी


३ मे

काल बँकेतल्या बाई माप द्यायला आल्या होत्या. तू ओळखतेस त्यांना, कॉलरचा हट्ट धरणाऱ्या. मी खांद्याचं माप घेत होते. त्यांची नजर माझ्या टेपवर गेली आणि तिथेच खिळली. मीच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही हो."

"बोला की."

मग म्हणाल्या, "माझी मुलगी तुमच्या भाचीच्याच कॉलेजात आहे. प्रदर्शन होतं, मला घेऊन गेली. तिथे एक मोठं कापड टांगलं होतं. एका बाईचं. ऑपरेशन झालेल्या."

"टेप होती गळ्यात?"

"होती."

"आणि चेहरा?"

"चेहरा नव्हता. गळ्यापासून खाली."

मी त्यांचं राहिलेलं माप घेतलं. दोनदा चुकीचं लिहिलं. त्या गेल्यावर दुकान बंद केलं.

मला आधी दाखव म्हटलं होतं, ते तू केलं नाहीस. लेकरू आहे, चुकतं, एवढं म्हणून मी गिळलं असतं. पण डोकं छाटलंस माझं? खाटकाकडे टांगतात तशी टांगलीस मला? दवाखान्यात मोठे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून विद्यार्थ्यांना सांगायचे, "ही डावी बाजू बघा." तिथे मी डावी बाजू होते. घरात तर तेवढीही नाही, माझ्यापेक्षा मोरीतला नळ मोठा. एका तुझ्यासमोर मी माणूस म्हणून बसले होते. मी तुझ्याकडे बघत होते ना गं तेव्हा? त्या डोळ्यांचं काय केलंस?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.


८ मे

मावशी,

कापड उतरवलं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी.

चेहरा वगळला तो तुला कुणी ओळखू नये म्हणून, असं मी इतके दिवस स्वतःला सांगतेय. ते अर्धंच खरं आहे. सर म्हणाले होते, चेहरा नसेल तर परिणाम जास्त होतो, मग ही कुणीही बाई असू शकते. मला पटलं. पटलं कारण सगळे माझं कौतुक करत होते. लोक त्या कापडासमोर थांबायचे आणि मग वळून माझ्याकडे बघायचे. ते मला आवडलं.

तुला दाखवलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस तर ते कापड मला बाहेर काढता आलं नसतं.

तू म्हणशील तर जाळून टाकते. निगेटिव्हही कापून टाकते. तू म्हणशील ते.

भिंगरी


२० मे

भिंगरे,

जाळू बिळू नकोस. मांजरपाट काय झाडाला लागतो?

चार-पाच दिवस तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. मग हसू आलं, की तोंड न बघण्यात आपल्या घराण्याचा हात कोण धरेल! तुझ्या सरांना माझा निरोप सांग. म्हणावं, मी तीस-बत्तीस वर्षं बायकांची मापं घेतेय. कुणीही बाई अशी बाई मला अजून भेटली नाही. एकीचा उजवा खांदा उतरता, एकीची मान पुढे. तीच बाई वर्षाने आली तर माप वेगळं.

आता दुसरी गोष्ट. दाराला कडी लावून वाच. कंबर मशीनमुळे धरली नव्हती. छातीतलं ते मणक्यात उतरलंय. डॉक्टरांनी या वेळी कागदाकडे न बघता सांगितलं, त्यावरूनच मी समजले. औषधं देतायत, पण ती दुखणं कमी करायची, बरं करायची नव्हेत. तुझ्या आईला कळवू नकोस. ताई आधी रडेल, आणि मग तिची समजूत घालायचं काम माझ्यावर. तुझ्या काकांना सांगितलंय, मणक्यात गॅप आहे. ते "हं" म्हणाले.

तर आता मला तो फोटो हवा. सगळा. चेहऱ्यासकट. मोठा कर, आहे मी तेवढी. आणि लवकर कर.

मावशी


१४ जून

मावशी,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा काय केलं ते लिहीत नाही. तू म्हणशील, ताईचीच मुलगी.

तेव्हापासून डार्करूममध्येच आहे. उकाडा असा आहे की इमल्शन धड बसत नाही. पहिल्या कापडावर तू पूर्ण आलीस, केसांच्या बटेसकट. धुताना नळाचं पाणी कोमट होतं आणि नेमका चेहऱ्यावरचा थर सैल झाला. डोळे खाली आले, गालावर, मग हनुवटीवर. मी हात घातला धरायला. तू माझ्या बोटांमधून गेलीस, मावशी. ट्रेमध्ये नुसतं काळं पाणी राहिलं. दुसऱ्या कापडावर थर कमी पडला आणि तू धुक्यातल्यासारखी आलीस. तेही मी बाद केलं. तुला धुकं नको, एवढं तर मला कळलंय.

शेवटी कापडाला आधी जिलेटिनचा हात दिला, प्रत्येक ट्रे बर्फात ठेवला, आणि सरांना दाराबाहेर उभं केलं. कुणी मध्येच दार उघडू नये म्हणून! ते निमूट उभे राहिले. तुझा निरोप मी त्यांना शब्दशः सांगितला होता.

आता आलंय ते पाठवतेय. डाव्या भुवईवरून ब्रशचा एक फटकारा गेलाय, तो तेवढा राहिला. तू काहीतरी बोलायच्या बेतात आहेस, तोंड जरासं उघडं. काय बोलणार होतीस ते मला आठवत नाही. नळीवर गुंडाळून पाठवतेय, घडी घालू नकोस, घडीवर तडा जातो. इस्त्री नको, ऊन नको.

मी येऊ का? आजच निघते.

भिंगरी


३० जून

भिंगरे,

अक्षर वाकडंतिकडं आहे, दोन उशांना टेकून लिहितेय.

कापड दुकानात आलं तेव्हा कुणी नव्हतं. मापाच्या खोलीत नेऊन उलगडलं. तुला सांगू का, आरशात मी इतके महिने फक्त खाली बघायची. गळ्याच्या खाली, आणि लगेच बटणं लावायची. इथे ती बाई माझ्याकडे बघत होती. मग मला वर बघावंच लागलं. काय नजर आहे गं! उधारी मागायला आल्यासारखी. मी तिला म्हटलं, बाई, तू एवढी रागीट आहेस हे मला ठाऊक नव्हतं.

तिथेच टांगलं. मापाच्या खोलीत, आरशाच्या समोरच्या भिंतीला. पडदा ओढला की ती आणि गिऱ्हाईक, दोघीच.

फार चांगलं झालं असं नाही. एकजण मुलीला घेऊन आली होती, आत गेली तशी बाहेर आली. "असलं काय लावून ठेवलंय!" शिवायला आणलेलं कापड काखेत मारून चालती झाली. आणखीही काहीजणी तुटल्या. गणवेशाचं काम गेलं, शाळेला कुणीतरी कळवलं. बँकेतल्या बाई मात्र आत गेल्या त्या बाहेरच येईनात. आल्या तेव्हा कॉलरबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. आणि एक कॉलेजातली पोर, पाठीला सॅक, तिने पडद्यातून डोकं काढून सरळ विचारलं, "दुखतं का?" मला असं कुणी विचारलंच नव्हतं. बरं वाटतंय ना, असं विचारतात सगळे. मी म्हटलं, "हो गं, खूप."

आता दुकानात रोज जाणं होत नाही. काका सोडायला येतात, पायरीशी थांबतात. बायकांच्या दुकानात कधी आत आले नाहीत, आता काय येतात! रात्री त्यांची खाट करकरते ते ऐकू येतं. ते जागे, मी जागी, मध्ये भिंत. हाक मारावीशी वाटते. मग वाटतं, आले आणि पुन्हा तोंड फिरवलं तर? हे असलं आता सोसवत नाही.

ये. पण लवकर.

मावशी


११ सप्टेंबर

ती. काका,

नमस्कार. त्या दिवशी मला तुमच्याशी धड बोलता आलं नाही. घरात माणसं होती, आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मावशीने लवकर ये म्हणून लिहिलं होतं. मी आज निघते, उद्या निघते करत राहिले. तिला त्या अवस्थेत बघायची मला भीती वाटत होती. एवढे दिवस तिच्या फोटोसमोर उभी राहिले आणि तिच्यासमोर जाववेना.

आई म्हणाली, या महिन्यात तुम्ही दुकान रिकामं करताय. म्हणून लिहितेय. मापाच्या खोलीत एक मोठं कापड टांगलेलं आहे. मावशीचा फोटो आहे त्यावर, ऑपरेशननंतरचा. तिने तुम्हाला सांगितलं नसेल. काका, तुम्ही तो बघू नका. तुम्हाला ते सगळं बघवत नाही हे मला माहीत आहे, आणि आता तर आणखी त्रास होईल. बँकेतल्या बाईंना सांगा, त्या उतरवतील. चित्र आतल्या बाजूला येईल असं गुंडाळून ठेवा. मी येऊन घेऊन जाईन.

इथल्या संग्रहालयाला ते हवंय. पूर्ण, चेहऱ्यासकट, आणि खाली मावशीचं नाव, धंदा शिवणकाम, असं लिहून. तिला हे चाललं असतं असं मला वाटतं. तुम्हाला चालेल का, ते कळवा.

तुमची,
भिंगरी


२५ सप्टेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. मला पत्र लिहायची सवय नाही. पंपावर पाण्याची पातळी लिहायची आणि सही करायची, एवढंच लिखाण. चुकलं तर समजून घे.

दुकान परवा रिकामं केलं. मशीन बँकेतल्या बाईंच्या ओळखीने एका मुलीला दिलं. टेप कपाटात ठेवली आहे. बाई कापड उतरवायला येते म्हणाल्या होत्या. त्यांना उशीर झाला. दुकानमालक दारात उभा होता, म्हणून मीच मापाच्या खोलीत गेलो. तू बघू नका लिहिलं होतंस, ते लक्षात होतं. मान खाली घालून एका बाजूचे खिळे काढले. पण कापड सुटलं आणि माझ्या अंगावर आलं. सरळ धरायला गेलो तर ती समोर.

मी मालकाला सांगितलं, थोडा वेळ लागेल. त्याने दार लोटून घेतलं.

तुझ्या मावशीने तुला सांगितलं असणार, की मी तोंड फिरवतो. ते खरं आहे. पण मला किळस आली नव्हती. कधीच नाही. पहिलं ड्रेसिंग सोडलं तेव्हा मी बाजूला होतो. मी जखम बघितली आणि तिने माझा चेहरा बघितला. तिने टॉवेल ओढून घेतला आणि भिंतीकडे वळली. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं मला माहीत नाही. रडू असेल. ते तिला परत दिसू नये म्हणून मी उठून जात होतो. तिला वेगळं वाटत असेल असं डोक्यात आलं नाही. एकदा विचारलं असतं तर झालं असतं. तिनेही विचारलं नाही.

मणक्याचं मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी आधी मलाच बोलावलं होतं. ती गॅप म्हणाली, तर म्हटलं, तिच्या मनाप्रमाणे होऊ दे.

शेवटच्या दिवसांत तिला बोलता येत नव्हतं तेव्हा मी तिला पुसून घेत होतो, कपडे बदलत होतो. सगळं मीच केलं. पण तेव्हा तिचे डोळे मिटलेले असायचे. मी बघतोय हे तिला कळलं की नाही, मला सांगता येत नाही.

संग्रहालयाचं लिहिलंस ते चांगलं आहे. नाव लावणार तेही चांगलं. नाव नीट लिही, ती माहेरचं आणि सासरचं दोन्ही लावायची. तुझ्याकडे निगेटिव्ह आहे, त्याचं दुसरं काढ. मांजरपाट लागला तर कळव, घरी पुष्कळ आहे, पाठवून देईन.

हे कापड मात्र मी देणार नाही. आतल्या खोलीत लावलं आहे. तुझी आई येऊन गेली, म्हणाली, असं रोज समोर बरं नाही, काढून ठेवा. मी काढलं नाही. तू रागावू नकोस. माझं अजून बघून झालेलं नाही.

काका